बेचाळीस किलोचा गट

ठराव मीच पाडला. आता या वयात त्याचं खापर दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नाही.

वणीला तालुक्यातल्या क्रीडा शिक्षकांची सभा होती. ती दरवर्षी व्हायची. चहा-पोहे व्हायचे, स्पर्धांच्या तारखा ठरायच्या आणि मंडळी एसटी गाठायला पळायची. त्या वर्षी मात्र नदीपलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक उभे राहिले. किडकिडीत म्हातारा माणूस. शाळेला क्रीडा शिक्षक मिळाला नव्हता म्हणून सभेलाही तेच यायचे. त्यांनी ठराव मांडला की शालेय कुस्तीत शाळांचे दोन गट करावेत. दोनशेच्या आत पट असलेल्या शाळा एका गटात, मोठ्या शाळा दुसऱ्यात, आणि दोन्हीकडचा पहिला जिल्ह्याला पाठवावा. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. शहरातल्या शाळेत दीड-दोन हजार पोरं. एकेका वजनाला दहा जण उभे राहतात, त्यातून निवडून एक येतो. त्यांच्याकडे मॅट, त्यांच्याकडे वस्ताद. आमच्या दहावीत सोळा पोरं, त्यातली निम्मी वेचणीच्या दिवसांत शाळेचं तोंड बघत नाहीत. ही कुस्ती बरोबरीची कशी?

मला राग आला. माझी शाळाही तेवढीच होती, पट एकशे दहा. पण शाळेमागे मी स्वतः कुदळ घेऊन हौदा खणला होता, नदीवरून बैलगाडीने माती आणली होती, त्यात ताक आणि हळद माझ्या खिशातून ओतली होती. मला कोणी 'लहान' म्हटलेलं खपत नसे. शिवाय त्या वर्षी माझ्याकडे एक पोरगा होता.

मी ताडकन उभा राहिलो. "कुस्तीत वजनाचे गट आहेत नं? मंग आनखी गट कायले पाह्यजेत? काटा कोनाचं तोंड पाहत नाही. शाळा पाहत नाही, जात पाहत नाही, बाप पाहत नाही. बेचाळीस किलो म्हंजे बेचाळीस किलो. आमाले भीक नको."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मोठ्या शाळांच्या शिक्षकांनी वाजवल्या, आणि मी इतका शहाणा की मला तो माझा मान वाटला. लहान शाळांचे पाच-सहा जण होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हात वर केलेच नाहीत. भीक मागतोय असं कोणाला दिसायचं असतं? ठराव पडला. बाहेर टपरीवर ते मुख्याध्यापक माझ्याजवळ आले.

"सर, तुमच्यापाशी यंदा एक पोट्टा आहे, म्हनून तुम्ही बोलून राह्यले," ते म्हणाले. "आमच्यापाशी तो बी नाही."

"घडवा मंग," मी म्हणालो आणि कप ठेवून निघालो.

पोरगा दहावीत होता. अभ्यासात यथातथा, पण कुस्तीत मात्र एकदा समोरच्याचा पाय हाती लागला की सोडायचा नाही. त्याचं पुढचं सगळं एका सरळ रेषेवर होतं. तालुक्यात पहिला आला तर जिल्ह्याला जाणार. जिल्ह्याला क्रीडा वसतिगृहाची निवड समिती येणार. तिथे निवड झाली तर राहणं, खाणं, अकरावी-बारावी आणि रोज मॅटवर सराव, सगळं फुकट. नाही झाली तर मामा कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता आणि त्याला क्लीनर पाहिजे होता. हे बापाने मला घरी बोलावून, चहा पाजून सांगितलं होतं. "सर, तुमच्या हाती आहे," तो म्हणाला होता. मी छाती पुढे काढून 'हो' म्हणालो होतो.

आता प्रश्न वजनाचा. सेहेचाळीस किलोच्या गटात शहरातल्या मोठ्या शाळेचा एक दांडगा पोरगा होता, मागच्या साली जिल्ह्याला जाऊन आलेला. बेचाळीसच्या गटात कोणी दमदार नव्हतं. म्हणून मी ठरवलं की आपला पोरगा बेचाळीसला उतरवायचा. शाळेत वजनकाटा नव्हता. गावात एकच काटा, कापसाच्या व्यापाऱ्याचा. सरकारी खरेदी त्या वर्षांत कधी सुरू व्हायची, कधी बंद पडायची, कोणाला धड सांगता यायचं नाही, त्यामुळे अख्ख्या गावाचा कापूस त्याच काट्यावर चढायचा. व्यापारी शाळा समितीत होता. पोरांना कुस्तीचे पोशाख त्यानेच दिले होते, छातीवर दुकानाचं नाव छापून.

दर शनिवारी मी माझे तीन पैलवान घेऊन त्याच्या गोदामात जायचो. पहिल्या शनिवारी हा पोरगा सव्वात्रेचाळीस भरला. खाली उतरून तो माझ्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, हा काटा कमी दाखवते."

मी त्याच्या डोक्यात टपली मारली. "काट्याले नावं ठेवू नको. जिभेवर ताबा ठेव."

व्यापारी गल्ल्यावर बसून हसला. "मास्तर, सव्वा किलो म्हंजे काय हो, दोन आठवड्यांत उतरते," तो म्हणाला. पुढेही दर शनिवारी तो असाच आकडा मोठ्याने वाचून दाखवायचा आणि पोरांना गुळाचा खडा द्यायचा. मी तो खडा काढून घ्यायचो.

मला माहीत नव्हतं, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. ते खोटं आहे. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं की तो काटा मारतो. मीही पारावर बसून त्यावरचे विनोद ऐकले होते, स्वतः एक-दोन केले होते. पण मी पगारदार माणूस. मला त्या काट्यावर कापूस घालायचा नव्हता, म्हणून माझ्यापुरता तो काटा खरा होता.

महिनाभर मी त्या पोराला वाळवला. सकाळी एक भाकर आणि मिरचीचा ठेचा, संध्याकाळी नुसतं वरणाचं पाणी. मधल्या सुट्टीत तो माझ्या नजरेसमोर बसायचा, म्हणजे कोणाच्या डब्यात हात घालायला नको. एकदा त्याला घेरी आली, तेव्हा मी वर्गाला सांगितलं की पैलवान असा तयार होतो. पोरं टाळ्या वाजवत होती आणि तो भिंतीला टेकून हसत होता.

स्पर्धा त्या वर्षी पावसामुळे लांबली आणि दिवाळीच्या तोंडावर आली. तोवर कापूस फुटायला लागला होता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोराच्या घरच्यांच्या वावरात सीतादही होतं. पहिली वेचणी करण्याआधी आमच्याकडे शेतात पूजा मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, चहूकडे शिंपडतात आणि तिथेच बसून सगळे तोच दहीभात खातात. तो खाल्ल्याशिवाय बोंडाला हात लावत नाहीत. मला पोराच्या आईने आवर्जून बोलावलं होतं. मी गेलो आणि दोनदा मागून खाल्ला. पोराच्या पुढे पान आलं तेव्हा मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने पान बाजूला सारलं.

"एक घास तं खाऊ द्या सर," आई म्हणाली. "सीतादहीचा आहे. नाही म्हनू नाही."

"उद्या जिंकून आला की खाईल."

"मंग ठेवतो मी झाकून," ती म्हणाली. तिने पितळी डब्यात त्याचा वाटा काढून ठेवला. त्यादिवशी शेवटचं वजन केलं. काटा बरोबर बेचाळीसवर थांबला. व्यापाऱ्याने माझ्याशी हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वणीच्या मैदानावर वजनं सुरू झाली. टेबलावर नवा कोरा काटा होता. माझा पोरगा लंगोटावर चढला आणि पंचांनी वाचलं, "चव्वेचाळीस किलो सहाशे."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा चढवलं. तेवढंच. मागचे दोघेही चढले. तेही प्रत्येकी अडीच-तीन किलोने जास्त. तिघे एकाच मापाने वाढले होते. कोणत्याही डोकं असलेल्या माणसाला तिथेच कळलं असतं. मला फक्त अपमान कळत होता. रांगेत मोठ्या शाळांचे शिक्षक उभे होते, ज्यांच्यासमोर मी भाषण ठोकलं होतं. मी पोराला दंडाला धरून रांगेबाहेर ओढलं आणि सगळ्यांदेखत मुस्कटात मारली.

"काय गिळलं रातच्याला?"

"काही नाही सर."

दुसरी मारली. "खरं सांग. काय खाल्लं?"

"काही नाही खाल्लं सर, आईची शप्पथ."

तिसरीनंतर त्याच्या ओठातून रक्त आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला काय ऐकायचं आहे हे त्याला समजलं होतं.

"दहीभात खाल्ला सर," तो म्हणाला. "सीतादहीचा. राह्यवलं नाही."

मला बरं वाटलं. खरंच सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. चूक कोणाची ते ठरलं होतं. अडीच किलो दहीभात एका पोटात मावतो का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

वजन घ्यायला नऊपर्यंत मुदत होती. मी त्याच्या अंगावर दोन स्वेटर चढवले, वरून युरियाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलं आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तोंडात चिंच दिली, थुंकत राहा म्हणून. तो पळत होता, थुंकत होता, पडत होता, उठत होता. बाकीच्या शाळांची पोरं नाश्त्याची केळी खात बघत होती. पावणेनऊला त्याला पुन्हा चढवलं. त्रेचाळीस किलो नऊशे. मैदानाच्या कुंपणाशी एक न्हावी बसायचा. मी पोराला त्याच्यासमोर नेऊन बसवलं.

"सगळे काढ."

पोरगा पहिल्यांदा उठून उभा राहिला. "सर, माहा बाप जित्ता आहे."

"बस खाली."

"सर, बाप जित्ता आहे जी माहा."

न्हाव्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला हात चालव म्हणालो. केसांचं वजन शंभर ग्रॅमही भरलं नाही. पंचांनी मान हलवली आणि त्याचं नाव सेहेचाळीसच्या गटात लिहिलं.

तेवढ्यात ते म्हातारे मुख्याध्यापक रांगेतून माझ्याजवळ आले. त्यांचा एकही पैलवान नव्हता, ते नुसते बघायला आले होते. "सर, तुमचे तिन्ही पोट्टे सारखेच कसे वाढले?" त्यांनी विचारलं. "मोजले कोठी होते?"

"आमच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर."

ते हसले. रागाने नव्हे, हसू आवरेना म्हणून. "कापसाच्या काट्यावर! अन् तुम्ही खरं मानलं? अहो, त्या काट्यावर चाळीस किलोमागं अडीच किलो बसते त्याचं. लेकरू का कापूस आहे का सर?" रांगेतले सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, कापसात पाणी मारून न्यायचं असतं, सर पाणी काढून घेऊन आले. तेही सगळ्यांना आवडलं. काटा कोणाचं तोंड पाहत नाही, हे माझंच वाक्य एकाने मला ऐकवलं.

म्हणजे खाऊन-पिऊन तो पोरगा पहिल्यापासून सेहेचाळीसच्या गटाचाच होता. घरची भाकर खाऊन, महिनाभर नीट झोपून, तो त्याच गटात हसत उतरला असता. मी त्याला उपाशी ठेवून, पळवून, बोडका करून तिथेच आणून सोडलं होतं.

त्याने ते हसणं ऐकलं होतं की नाही, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तो दहा हातांवर ओला स्वेटर पिळत उभा होता. मी जाऊन त्याला 'तुझी चूक नव्हती' एवढं सांगायला हवं होतं. कुस्तीआधी पोराचं मन हलवू नये, असं मी स्वतःला समजावलं आणि त्याला अर्धा ग्लास पाणी दिलं.

पहिली कुस्ती तो जिंकला. दुसरी त्या जिल्ह्याला जाऊन आलेल्या पोराशी पडली. पहिल्या फेरीत माझ्या पोराने दोनदा पाय धरून त्याला खाली आणला. पुढे होता तो, गुणांनी पुढे होता. मैदानावरची खेड्यांतली पोरं ओरडायला लागली, आणि मीही ओरडलो. दुसऱ्या फेरीत त्याने पुन्हा पाय धरला, पण उचलताच आला नाही. नुसता धरून राहिला. समोरच्याने त्याचे हात सोडवले, पाठीवर आला आणि सावकाश, काही घाई नसल्यासारखं, त्याला चीत केलं. शिट्टी झाल्यावर उठायला त्याला त्याच पोराने हात दिला आणि स्वतःची पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली. माझ्या पोराने ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

परतीच्या एसटीत बसायला जागा नव्हती. एका बाईने पोराचं डोकं पाहिलं आणि सरकून त्याला जागा केली. त्या कर्जाच्या वर्षांत आमच्याकडे बोडका पोरगा दिसला की बाप कसा गेला, असं कोणी विचारत नसे.

"कवा गेला रे बाप्पू?" तिने विचारलं.

"जित्ता आहे मावशी. कुस्ती होती माही."

तिला ते पटलं नाही. तिने पदराची गाठ सोडून त्याच्या ओंजळीत फुटाणे ओतले. त्याने ओंजळ तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. "सर, आता खाऊ का?"

मी खिडकीबाहेर बघत मान हलवली.

बाप त्या दिवशी सकाळपासून वणीलाच गेला होता, सरकारी खरेदी सुरू झाली का ते बघायला, आणि अजून घरी आला नव्हता. आम्हाला हे माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. ती अंगणात उभी होती. तिला पोरगा दिसला, त्याचं तासलेलं डोकं दिसलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून घरापर्यंत आलेला मास्तर दिसला. वणीहून आलेले आम्ही दोघे. तिच्या हातातलं सूप गळून पडलं आणि ती जमिनीवर बसून छाती बडवायला लागली. पोरगा "आई, कुस्ती होती, कुस्ती" म्हणून ओरडत होता, पण तिला ऐकूच जाईना. शेजारच्या बाया धावत आल्या आणि त्यांनीही सूर धरला. दहा-पंधरा मिनिटं त्या अंगणात एका जिवंत माणसासाठी रडारड चालली होती.

तो माणूस टेम्पोतून उतरून आला तेव्हा बाया त्याला बघून किंचाळल्या, आणि मग हसायला लागल्या. तो बिचारा गोंधळून बायकोजवळ बसला. "मी आहो नं वो," तो म्हणत राहिला, "आहो नं मी." ती त्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरून होती, सोडायला तयार नव्हती. मग त्याचं लक्ष पोराकडे गेलं.

"कितवा आला?"

"हारलो बाबा."

बाप माझ्याकडे वळला. आता मला बोलायला पाहिजे होतं. व्यापाऱ्याच्या काट्याचं नाव घ्यायचं, माझं नाव घ्यायचं, एवढंच काम होतं. मी तोंड उघडलं. पण पोरगाच आधी बोलला.

"रातच्याला म्या चोरून दहीभात खाल्ला बाबा. वजन भरलं. सरनं मेहनत घेतली, पर म्याच खाल्ला."

तेव्हा मला समजलं की मैदानावरचं हसणं त्याने सगळं ऐकलं होतं. तो मला वाचवत होता.

बापाने खाली मान घातली. मग उठून माझ्यासमोर हात जोडले. "माफ करजा सर. तुम्ही जिवाचं रान केलं त्याच्यासाठी, अन् हे पोट्टं एक दिवस जिभीले आवरू नाही शकलं. त्याच्या नशिबात ट्रकच आहे."

"असू द्या," मी म्हणालो. "होते असं."

आई अजून जमिनीवरच होती. तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता, पोराकडे बघत म्हणाली, "कोनता दहीभात खाल्ला रे तू? डबा तं सकाळी तसाच होता. म्याच गाईपुढं उपडा केला."

बाप एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागला.

"आई, तू गप राह्य," पोरगा म्हणाला. मग पुढे येऊन वाकला, रोजच्यासारखा माझ्या पाया पडला, आणि मी त्याच्या बोडक्या डोक्यावर हात ठेवला.